आठ हजार एक्कावन्न दगडांचे आंगण

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव सांगू शकेल असे आता कुणी उरलेले नाही. नाव गेले, गोष्ट राहिली. ती लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

त्या राज्यात एक वेगळीच रीत होती. राज्याच्या कामाची कुठलीही वस्तू मोजून झाली, की आलेली संख्या आधी संख्यापरीक्षकाकडे जायची. आपण सोयरीक जुळवताना घराणे पाहतो ना, तसे तिथे संख्येचे घराणे पाहत. ती सम की विषम? तिला कशाकशाने भाग जातो? तिला स्वतःला सोडून बाकीचे भाजक मिळवले तर किती होतात? बरोबर तिच्याएवढे झाले तर ती पूर्ण, कमी भरले तर उणी, जास्त भरले तर वरचढ. सहा ही पूर्ण, कारण एक, दोन आणि तीन मिळून सहाच होतात. आठ उणी, बारा वरचढ. आणि जिला एक आणि ती स्वतः यांशिवाय कशानेच भाग जात नाही, ती अखंड.

हे काम चाळीस वर्षे एकच माणूस करत होता. लोक त्याला परीक्षकबुवा म्हणत. लाल वाळू पसरलेली धूळपाटी मांडीवर घेऊन तो बोटाने आकडे लिही, पुशी, पुन्हा लिही. बाजाराच्या दिवशी तो आपल्या घराच्या ओट्यावर बसे आणि लोक त्याच्यापुढे संख्या आणून टाकत. कुणी झाडाच्या आंब्यांची, कुणी कळपातल्या शेळ्यांची. बुवा खुलवून खुलवून सांगे, लोक माना डोलवत, आणि बुवाला ते फार आवडे. चांगले काम करणाऱ्याला कौतुक आवडले तर त्यात वावगे काय? काहीच नाही. गोष्ट तिथून बिघडली नाही.

एके वर्षी दूरच्या मुलखातून एक चटईवाली आली. बरोबर म्हातारी आई होती. जुन्या डबक्याकाठी तिने खोपटे बांधले आणि लव्हाळ्याच्या चटया विणून ती विकू लागली. बाजाराच्या दिवशी ती बुवाच्या ओट्याखालीच बसे. हात विणत असत, कान वर असत. चटया उभ्या-आडव्या काड्यांच्या असतात, त्यामुळे बुवाचे बोलणे तिला कानांनी कमी आणि बोटांनी जास्त कळे.

एकदा तिने मान वर करून विचारले, "बुवा, अखंड संख्येची चटई विणताच येणार नाही, असंच ना? एका काडीची पट्टी तेवढी होईल."

बुवा खूष झाला. "शहाणी आहेस," तो म्हणाला आणि तिच्याकडून एक चटई विकत घेऊन तीवरच बसू लागला.

पुढे दीपोत्सव आला. राजवाड्यापुढे पंधराशे एक्क्याण्णव पणत्या होत्या. त्या सारख्या रांगांत मांडायच्या तर किती रांगा करायच्या, असा प्रश्न पडला. बुवा धूळपाटी घेऊन बसला. तिनाने भाग जाईना, साताने जाईना, अकराने, तेराने जाईना. तेवढ्यात गर्दीतून चटईवाली म्हणाली, "चाळीस काड्या उभ्या, चाळीस आडव्या, अशी चटई धरा. सोळाशे घरं झाली. आपल्याकडं नऊ कमी आहेत. म्हणजे कोपऱ्यात तीन बाय तीनचं भोक आहे. भोकाशेजारची तीन रांगांची पट्टी कापा आणि उभी करून बाजूला जोडा. सदतीस रांगा झाल्या, एकेका रांगेत त्रेचाळीस."

पणत्या मांडून पाहिल्या. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही.

राजा इतका आनंदला, की त्याने आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या अंगावर घातली. बुवाला आजवर सात शाली मिळाल्या होत्या, पण सातही कोठारातून आलेल्या. राजाच्या खांद्यावरची एकही नव्हती. हे त्याच्या आधी कधी लक्षातही आले नव्हते. आता मात्र दुसरे काही लक्षातच राहीना.

घरी आल्यावर त्याने सात शाली पेटीतून काढल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि परत ठेवल्या. त्याची बायको दारात उभी राहून हे पाहत होती.

ती म्हणाली, "शाल तिनं पांघरलीय, आणि घाम तुम्हाला फुटलाय."

"तिनं कुठं गणित केलं?" बुवा उसळला. "विणकामाची युक्ती ती! चाळीस वर्षं मी काय माती चिवडली?"

"मी कुठं तसं म्हटलं?" बायको म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्या दिवसापासून बुवाचे सुख हरपले. ओट्याखाली ती दिसली की तो मान फिरवून बसे. ती दिसली नाही की, आता राजवाड्यात गेली असेल, या विचाराने तो पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघे. लोक त्याला संख्या विचारत आणि त्याला वाटे, हे आधी तिला विचारून आले असतील, आता नुसती माझी परीक्षा बघतायत. तिने नमस्कार केला तर तो त्याला खोटा वाटे. ती हसली तर आपल्याला हसली असे वाटे. तिच्या चटईवर बसणे त्याने सोडून दिले. मत्सर असाच असतो, बाबांनो. तो आधी समोरच्याचे काही बिघडवत नाही. आधी तो आपली झोप आणि आपले जेवण खातो.

दोन वर्षांनी राजाने मोठे तळे खोदवले. घरटी एक माणूस राबला, तेव्हा कुठे पाणी लागले. तळ्याकाठी दगडी आंगण करायचे ठरले. प्रत्येक घराने एकच दगड आणायचा, हातभर लांब, हातभर रुंद, सगळे सारखे. ज्याचा दगड आंगणात बसला, त्या घराचा तळ्याच्या पाण्यावर आणि काठावरच्या लव्हाळ्यावर हक्क. पण आंगण नीट चौकटीचे झाले पाहिजे, कुठे कोपरा तुटका नको, की एखादा दगड उरायला नको. आणि संख्या अखंड निघाली तर? मग चौकट होणार कशी? एकाच रांगेत सगळे दगड मांडले तर त्याला आंगण कोण म्हणेल, ती वाटच झाली असती. एखाद्या घराचा जास्तीचा दगड घ्यावा तर त्या घराचा हक्क दुप्पट होणार. म्हणून रीत अशी होती, की संख्या अखंड निघाली तर सगळ्यांत शेवटी आलेला दगड परत द्यायचा. ही रीत कुणी घातली, कुणालाच माहीत नव्हते, आणि आजवर तशी वेळच आली नव्हती. म्हणून ती किती कठोर आहे, याचा कुणी विचार केला नव्हता.

दगड मोजले. आठ हजार एक्कावन्न भरले. शेवटचा दगड चटईवालीचा होता, कारण राज्यात सगळ्यांत शेवटी आलेले घर तिचेच. जुने डबके उन्हाळ्यात आटून गेले होते आणि लव्हाळा भिजवायला पाणी नसेल तर चटई विणता येत नाही. त्या एका दगडावर तिची आणि तिच्या आईची भाकर अवलंबून होती.

राजाने बुवाला तीन दिवस दिले.

बुवा कामाला लागला. नव्वद नव्वदे आठ हजार शंभर, म्हणजे नव्वदच्या आतल्या अखंड संख्यांनी भाग देऊन पाहिला की पुरे. एखाद्या मोठ्या संख्येने भाग गेलाच, तर तिचा जोडीदार नव्वदच्या आतच सापडणार. दोनाने गेला नाही, तिनाने गेला नाही. साताने एक उरला, तेराने चार उरले, सतराने दहा. बुवा एकेक संख्या मागे टाकत चालला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो एकोणऐंशीला पोचला. बहात्तर उरले. आता दोनच संख्या राहिल्या होत्या, त्र्याऐंशी आणि एकोणनव्वद.

तेवढ्यात रस्त्यावरून दोघे बोलत गेले. एक म्हणाला, "चटईवालीला विचारलं असतं तर एव्हाना सांगून मोकळी झाली असती."

"महाराज म्हणे तिलाही बोलावणार आहेत सभेत," दुसरा म्हणाला.

बुवाचे बोट वाळूवर थांबले. आपल्या आधी ती बोलली तर? पुन्हा ती शाल, पुन्हा त्या टाळ्या! आणि मग दुसरा विचार आला, पहिल्याच्या मागे लपून आलेला. संख्या अखंड निघाली, तर शेवटचा दगड परत जाईल. शेवटचा दगड कुणाचा, हे त्याला चांगले ठाऊक होते. बावीस संख्यांनी भाग गेला नाही, आता उरलेल्या दोघींनी कशाला जाईल, असे त्याने स्वतःला सांगितले. मग तो उठला, उपरणे खांद्यावर टाकले आणि भरभर राजवाड्याकडे निघाला.

सभा भरली होती. बुवाने घसा साफ केला. "महाराज, आठ हजार एक्कावन्न ही विषम आहे, उणी आहे आणि अखंड आहे. तिला कशानेही भाग जात नाही."

राजाचा चेहरा गंभीर झाला. "परीक्षकबुवा, एका घराचं पाणी तुटणार आहे. सगळे भाजक तपासलेत?"

"सगळे," बुवा म्हणाला.

राजा चटईवालीकडे वळला. "तुझं काय म्हणणं?"

ती उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता. "बुवांनी तपासलंय महाराज. त्यांच्या ओट्याखाली बसून मी शिकले. आता दगड माझा जातोय म्हणून मी त्यांच्यामागं मोजायला बसू? मला ते शोभणार नाही."

सभा संपली. बुवा जिंकला होता. घरी येऊन तो जेवायला बसला, पण घास उतरेना. धूळपाटी तशीच पडली होती आणि तिच्यावर कडेला दोन आकडे वाट पाहत होते. एवढेच करून टाकू, म्हणजे मन स्वस्थ होईल, असे म्हणून त्याने ती ओढली. त्र्याऐंशीने भाग दिला. त्र्याऐंशी नव्वदे सात हजार चारशे सत्तर. उरले पाचशे एक्क्याऐंशी. त्र्याऐंशी साती पाचशे एक्क्याऐंशी. बाकी शून्य.

त्र्याऐंशी रांगा, एकेका रांगेत सत्त्याण्णव दगड. एकही दगड उरत नव्हता.

बुवाने भागाकार पुन्हा करून पाहिला. अजून काही बिघडले नव्हते. राजवाडा हाकेच्या अंतरावर होता. उठायचे, जायचे, 'महाराज, चुकलो' म्हणायचे, एवढेच करायचे होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे भरलेली सभा आली, हसणारे लोक आले आणि त्या सगळ्यांच्या मधोमध राजाची शाल पांघरलेली ती आली. त्याने तळहाताने वाळू सारखी केली. आकडे पुसले गेले.

"झालं का तुमचं?" बायकोने आतून विचारले. "ताट तसंच आहे."

"झालं," बुवा म्हणाला.

आठ दिवसांनी चटईवाली निघाली. मागून आणलेल्या बैलगाडीत आई, विणकामाची चौकट आणि परत मिळालेला दगड होता. जाताना ती बुवाच्या ओट्यापाशी थांबली आणि त्याच्या पाया पडली.

"बुवा, तुमच्यामुळं मला संख्या दिसायला लागल्या. नाहीतर मी नुसत्या काड्याच मोजत बसले असते."

बुवाला काहीतरी बोलायचे होते. पण गाडी रस्त्याला लागेपर्यंत तो धूळपाटीवरची वाळू सारखी करत राहिला.

उरलेल्या आठ हजार पन्नास दगडांचे आंगण झाले. सत्तर रांगा, एकेका रांगेत एकशे पंधरा दगड. सुंदर झाले, लोकांनी बुवाची वाहवा केली. आता तरी त्याला सुख लागायला हवे होते, नाही का? पण मत्सराला गावाची वेस कुठे आडवी येते! पलीकडच्या राज्यातून मिठाचा व्यापारी यायचा. तो सांगे, चटईवालीपुढे आता पन्नास माणसे शिकायला बसतात. तिथल्या राणीने तिला धान्य लावून दिले आहे. बुवा ते ऐके आणि रात्र रात्र तळमळे. तिला इथून घालवून त्याने फक्त एवढेच केले होते, की तिची टाळी आता त्याला दुरून ऐकू यायची.

तीन वर्षांनी मिठाचा व्यापारी पुन्हा आला आणि बुवाला म्हणाला, "जरा बाजूला या. निरोप आहे. चारचौघांत सांगू नका, अशी ताकीद आहे."

बुवा त्याला मागच्या परसात घेऊन गेला. व्यापारी डोळे मिटून, पाठ केलेले विसरू नये म्हणून घाईघाईने सांगू लागला.

"चटईवाली म्हणते, बुवा, परवा नव्वद बाय नव्वदची चटई विणत होते. उंदरानं कोपरा कुरतडला, बरोबर सात बाय सात. तो कापून टाकला आणि उरलेली घरं मोजली तर आठ हजार एक्कावन्न. तेव्हा मला दिसलं. सात रांगांची पट्टी उभी करून जोडली, की त्र्याऐंशी बाय सत्त्याण्णव होतात. बुवा, तुमच्या हातून एक भाजक निसटला असेल. एवढ्या वर्षांत एखादा कुणाच्याही हातून निसटतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका आणि कुणाला सांगूही नका. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, तो माझ्या एका दगडापायी मोडायला नको. माझं इथं बरं चाललंय. तेवढी त्र्याऐंशीची खूणगाठ बांधून ठेवा." व्यापाऱ्याने डोळे उघडले. "मला यातलं ओ की ठो कळलं नाही. पण तिनं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंय."

बुवा तिथेच खाली बसला. इतकी वर्षे ज्या बाईचा त्याने हेवा केला, ती त्याची अब्रू झाकत होती. ती त्याला चूक म्हणत होती. ती चूक नव्हती, हे फक्त त्याला आणि वाळूला माहीत होते. म्हातारा माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. बायको धावत आली, तेव्हा त्याने तिला सगळे सांगितले. तिने खुंटीवरचे उपरणे काढले.

मग म्हणाली, "उपरणं घ्या. मी येते बरोबर."

भरसभेत बुवा उभा राहिला. एकोणऐंशीला का थांबला, घरी जाऊन काय सापडले, वाळू कशी पुसली, काही लपवले नाही. लोक हसले नाहीत. हसले असते तर त्याला बरे वाटले असते.

राजा म्हणाला, "राज्यातली घरं आठ हजार एक्कावन्न होती. आंगण उकला. पुन्हा त्र्याऐंशी बाय सत्त्याण्णव मांडा. शेवटची जागा तिची. तिला मानानं बोलवा आणि काय घडलं ते खरं खरं सांगा."

मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर निरोप गेला. आंगण नव्याने मांडले गेले आणि शेवटच्या रांगेत शेवटच्या दगडाची जागा तेवढी मोकळी राहिली. बुवा रोज वाटेकडे डोळे लावून बसे. दोन महिन्यांनी व्यापारी परतला. तो एकटाच आला होता.

"तिनं तो दगड तिथल्या पाणवठ्याची पायरी म्हणून बसवलाय," त्याने सांगितले. "वर भिंत चढलीय. आता तो निघत नाही."

"आणि माझ्याविषयी?" बुवाने विचारले. "तू सगळं सांगितलंस ना? ती रागावली का? काय म्हणाली?"

व्यापारी जरा घुटमळला. "सगळं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं, तेही सांगितलं. ती रागावली नाही. नुसतं 'बरं' म्हणाली आणि विणायला बसली."

त्यानंतर तिचा निरोप कधी आला नाही.

परीक्षकपद बुवाने स्वतःहून सोडले. आंगणातली ती मोकळी जागा भरून टाका, असे पुष्कळ जण म्हणाले, पण राजाने भरू दिली नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचे. येणारेजाणारे विचारत, एवढे देखणे आंगण आणि हा खड्डा कसला? बुवा जिवंत होता तोवर तोच उत्तर देई, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगे.

तात्पर्य: मत्सराने दुसऱ्याची जागा रिकामी करता येते, पण त्या जागेवर आपल्याला कधीच उभे राहता येत नाही.